इंग्लंडच्या हिवाळी वादळात क्लबबरोबर सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाउ, मेडनहेड, रेडिंग या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातले अनेक जण उन्हाळ्यात स्थानिक सायकल क्लबात जाऊ लागतात. ऑक्टोबर संपला, घड्याळं मागे गेली की त्यांचे प्रश्न सुरू होतात. उत्तरं चिल्टर्न टेकड्या आणि टेम्सचं खोरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. स्कॉटलंड किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांनी यात आणखी दोन थर कपडे आणि बरीच सावधगिरी मिळवावी.

असल्या हवेत सायकल काढायचीच कशाला? घरात बसून ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी धरणाऱ्या स्टँडवर, चालवता येत नाही का?

येते की. पुष्कळ जण चालवतात. पण इथे ऑक्टोबर अखेरपासून मार्चपर्यंत कोरडा, शांत रविवार मिळेल म्हणून वाट बघत बसलात, तर वाट बघण्यातच हिवाळा सरतो. रविवारी सकाळी जमायचं, चाळीस-पन्नास मैल गावाकडच्या रस्त्यांनी हिंडायचं, मध्ये चहाला थांबायचं ही इथली फार जुनी रीत आहे. आजची ‘सायकलिंग यूके’ ही संस्था १८७८ साली ‘बायसिकल टूरिंग क्लब’ म्हणून सुरू झाली आणि लंडनजवळचा कॅटफर्ड क्लब १८८७ पासून चढाची शर्यत भरवतो. ही शर्यत ऑक्टोबरात होते. त्यानंतर शर्यतींचा विषय संपतो आणि उरतो तो नुसता हिंडण्याचा मोसम.

या मोसमात कोण किती जोरात गेला हे कोणी विचारत नाही. जितके निघाले तितके सगळे कॅफेत पोहोचले आणि तितकेच घरी परतले, एवढीच कामगिरी. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

वादळाला नाव दिलं की राइड रद्द का?

नावावर जाऊ नका. ब्रिटनचं मेट ऑफिस आणि आयर्लंडची हवामान संस्था २०१५ पासून वादळांना नावं देतात. पहिलं वादळ ॲबिगेल. २०१९ पासून नेदरलँड्सही यात आहे आणि दर सप्टेंबरात नवी यादी निघते. पण नाव असलेलं वादळ स्कॉटलंडच्या टोकावरून निघून गेलं तर आपल्याकडे नुसता भुरभुर पाऊस पडतो. उलट, नाव नसलेल्या एखाद्या रविवारी हेज, म्हणजे रस्त्याकडेची झुडपांची कुंपणं, फोडून वारा अंगावर येतो.

पाहायचा तो इशारा, म्हणजे पिवळा, अंबर किंवा लाल. हे रंग वाऱ्याच्या ठरावीक वेगावर दिलेले नसतात. नुकसान किती होऊ शकतं आणि तसं होण्याची शक्यता किती, हे दोन्ही जोडून रंग ठरतो. त्यामुळे दोन पिवळे इशारे एकसारखे असतीलच असं नाही. इशाऱ्याखालचा मजकूर वाचा आणि त्यानंतर झोतांचा आकडा बघा. सरासरी वारा ताशी २० मैल असला तरी झोत ४० चे असू शकतात आणि सायकलवाल्याला आडवा करतो तो झोतच.

माझा हिशेब सोपा आहे. ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ताशी ३९ ते ४६ मैल म्हणजे ८ नंबरचा वारा आणि त्याची खूण म्हणजे झाडांच्या डहाळ्या मोडून पडतात. ज्या वाऱ्यात डहाळ्या मोडतात त्या वाऱ्यात बीचच्या झाडांच्या जंगलातून सायकल न्यायची नाही. अंबर किंवा लाल इशारा असेल तर चर्चाच नको. ९ फेब्रुवारी २०२० ला किआरा वादळ ऐन रविवारी आलं. त्याच्याच वेळच्या जेट प्रवाहावर, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यावर, स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला आलेलं एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. पाठीवरचा वारा काय करतो ते यावरून कळावं. फक्त विमानाच्या वाटेत झाडं नसतात. युनिस वादळाच्या वेळी, १८ फेब्रुवारी २०२२ ला, आइल ऑफ वाइटच्या नीडल्स इथे ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला. असल्या दिवशी अंगणातली कचऱ्याची कुंडी सुद्धा घराबाहेर ठेवू नये.

मी मुळशी-ताम्हिणीच्या पावसात सायकल चालवली आहे. इथला पाऊस तो काय!

पावसाचं प्रमाण पाहिलं तर तुमचं खरं आहे. ताम्हिणीचा पाऊस इथल्या पावसाला गुंडाळून खिशात घालेल. पण तिथे भिजलं तरी हवा विशीतली असते, म्हणून अंगभर भिजूनही भजी खायला मजा येते. इथे हवा ५ अंश, वारा ताशी ३० किलोमीटर म्हटलं की अंगाला ती शून्याच्या आसपास लागते, आणि हा हिशेब कोरड्या कातडीचा. ओल्या कपड्यांत अंगाची ऊब याहून कितीतरी झपाट्याने जाते. तिथे भिजणं ही गंमत आहे. इथे एकदा पूर्ण भिजलात की घड्याळ उलटं धावू लागतं. मावळातून आलेल्या तगड्या सायकलवाल्यांना ही एकच गोष्ट पटायला वेळ लागतो.

रस्ता कोण ठरवतं?

राइड लीडर. पण वादळी दिवशी खरं म्हणजे वाराच ठरवतो. नियम असा की जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि येताना पाठीवर. सकाळी पाय ताजे असतात, कपडे कोरडे असतात, तेव्हाच काय ते झुंजून घ्यायचं. उलट केलंत तर जाताना सगळे हवेत तरंगतात आणि परतीच्या पंचवीस मैलांत रडकुंडीला येतात.

दक्षिण इंग्लंडात वादळी वारा बहुतेकदा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून मार्लोहून निघालात तर आधी टेम्सच्या कडेने हेन्लीकडे जायचं. पुढे फेअर माइलचा सरळसोट रस्ता, मग डावी-उजवीकडच्या टेकड्यांच्या आडोशाने स्टोनरच्या दरीतून वर क्रिसमस कॉमन. तिथून टर्व्हिल, फिंगेस्ट, लेन एंड करत परत. वर वॉटलिंग्टनच्या बाजूला कडा उघडा आहे, तिथे फोटो काढायला थांबू नये. आकाशात लाल घारी मात्र अशाच वाऱ्यात मजेत असतात. १९८९ नंतर स्पेनहून आणून सोडलेल्या घारींची ही पिल्लावळ. पंख न हलवता एका जागी उभ्या राहतात आणि खाली आपण धापा टाकत असतो.

नकाशावर आणखी एक गोष्ट आधी पाहून ठेवावी, ती म्हणजे मधूनच घरी वळण्याच्या वाटा आणि रेल्वे स्टेशनं. हेन्ली, मार्लो आणि वायकम तिन्हीकडे स्टेशन आहे. गाडीत बसून घरी गेलं तर नाक कापलं जात नाही.

समोरच्या वाऱ्यात गटाने कसं चालवायचं?

आधी वाऱ्याचं गणित समजून घ्या. शांत हवेत तुम्ही ताशी २० किलोमीटरने जाता तेव्हा हवाही २० नेच अंगावर येते. समोरून ४० चा वारा असेल आणि तुम्ही तोच वेग धरायचा हट्ट केलात, तर हवा ६० ने येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नऊपट. म्हणून असल्या दिवशी वेगाचा आकडा झाकून ठेवावा आणि श्वासाकडे बघावं. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द येऊ लागले की वेग जास्त झाला.

पुढच्याच्या मागे नीट लपलात तर अडथळा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, कधी त्याहूनही जास्त. पण तो लाभ पुढच्याचं चाक जवळ असेपर्यंतच. दोन-तीन सायकलींची फट पडली की तुम्ही एकटे पडता, आणि एकटा माणूस त्या वाऱ्यात ती फट भरू शकत नाही. गट फुटतो तो असा. चढ संपतो तिथे पुढचे दोघे सवयीने जोर लावतात, मागे शेवटचा अजून चढावरच असतो आणि बघता बघता दोनशे मीटरचं अंतर पडतं. म्हणून चढ संपल्यावर पुढच्यांनी शेवटचा माणूस वर येईपर्यंत नुसते पाय फिरवत राहायचं.

पुढे राहण्याची पाळी छोटी ठेवा, दोन-तीन मिनिटांची. दमलेल्याने पाळी घेऊच नये, मागेच राहावं. तो भित्रेपणा नाही. त्याने अभिमानाने पाळी घेतली आणि दहा मैलांवर त्याचा दम संपला, तर सगळ्यांनाच थांबावं लागतं. सहा ते आठ जणांचा गट चांगला. त्याहून मोठा असेल तर दोन करावेत आणि प्रत्येकात एक जाणता माणूस सर्वांत मागे ठेवावा.

ओरडून दिलेल्या सूचना वाऱ्यात ऐकू जात नाहीत. ‘होल’ (खड्डा), ‘कार बॅक’ (मागून गाडी), ‘ईझी’ (हळू) हे मागच्याने ऐकून पुढे किंवा पुढच्याने ऐकून मागे पोहोचवायचंच. हाताच्या खुणाही कराव्यात, पण झोताच्या वेळी हँडलवरचा हात काढू नये. ‘कार अप’चा अर्थ काही क्लबांत समोरून गाडी आणि काहींत मागून गाडी, तेव्हा पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

आणि आडवा वारा?

तो जास्त धोक्याचा. उंच हेजमधून जाताना वारा जाणवतच नाही, आणि शेताच्या फाटकापाशी हेज संपते तिथे तो एकदम बाजूने ढकलतो. फाटक दिसलं की आधीच कोपर सैल करा आणि हँडल खालून धरा. आवळून धरलंत तर अख्खी सायकल वाऱ्याबरोबर जाते. मोठा ट्रक बाजूने जातो तेव्हा क्षणभर वारा थांबतो आणि ट्रक गेल्यावर दुप्पट जोराने बसल्यासारखा वाटतो. खोल, म्हणजे उंच कडांच्या, कार्बन रिमची चाकं असल्या दिवशी घरात टांगलेलीच बरी.

टीव्हीवरच्या शर्यतीत रस्ताभर तिरकी रांग करतात तसं चालू रस्त्यावर करायचं नाही. दोघं दोघं चालत असाल तर वाऱ्याच्या बाजूला जड अंगाचा माणूस घ्या. आयुष्यात पहिल्यांदा पोटाचा उपयोग झाला म्हणून तो खूषही होतो.

मडगार्ड नसेल तर चालत नाही, हे खरं का?

बऱ्याच क्लबांत नोव्हेंबर ते मार्च मडगार्ड सक्तीचं असतं, आणि रास्त आहे. मागचं मडगार्ड तुमच्यासाठी नसतंच, ते तुमच्या मागच्या माणसाच्या तोंडासाठी असतं. त्याला खाली रबरी पट्टी जोडा, जवळजवळ रस्त्याला टेकेल इतकी लांब. या रस्त्यांवरून उडणारं पाणी नुसतं पाणी नसतं. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल आणि शेणकाला त्यात असतो. तोच आपल्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडावरही बसतो. झाकण असलेली बाटली घ्या, नाहीतर पिण्याआधी तोंड पुसा. सोमवारी पोट बिघडलं की लोक उगाच कॅफेला नावं ठेवतात.

हिवाळ्यात इतकी पंक्चर का होतात?

दोन कारणं आहेत, काटे आणि गारगोट्या.

पक्ष्यांच्या विणीसाठी इंग्लंडात १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना सहसा हेज छाटता येत नाहीत. साहजिकच सगळी छाटणी शरद-हिवाळ्यात होते आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. दुसरं म्हणजे चिल्टर्न हा खडूच्या दगडाचा डोंगर आणि त्यात गारगोट्या खच्चून भरलेल्या. पाऊस त्या धुऊन रस्त्यावर आणतो. फुटलेल्या गारगोटीची धार ब्लेडसारखी असते आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं.

टायर २८ मिलिमीटर तरी हवा, ३२ बसत असेल तर उत्तम. हवा उन्हाळ्यापेक्षा थोडी कमी ठेवा. दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायचे दोन लिव्हर प्रत्येकाकडे असावेत. पंक्चर झालं तर फाटकाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला जा. बोटं गारठली असतील तर दुसऱ्याला काढू द्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने हळू चाचपून काटा शोधायचा. आतल्या बाजूला निघालेलं टोक केसाएवढं असतं, टायर वाकवून उजेडात धरला की दिसतं. ते न काढता ट्यूब बदलली तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. बाकीच्यांनी वाऱ्याच्या बाजूला उभं राहून भिंत करावी. सल्ले देऊ नयेत. काम एकाने करावं आणि काटा दुसऱ्याने शोधावा, इतकंच.

कपडे काय घालायचे? भारतातून आणलेला रेनकोट चालेल का?

तो रेनकोट डबा घेऊन ऑफिसला जायला ठीक. सायकलवर तो शिडासारखा फुगतो आणि आतून घामाने भिजवतो. अंगाला चिकटून मेरिनो लोकरीचा पातळ बनियन, त्यावर लांब बाह्यांची जर्सी, वर नीट बसणारं पावसाळी जाकीट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर पहिल्या चढाला घामाघूम व्हाल आणि उतारावर तोच घाम गोठवेल.

जास्त पैसे हात-पायांवर खर्च करा. बुटांवर ओव्हरशूज घाला. हातमोजे दोन जोड्या, त्यातली एक घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जर्सीच्या मागच्या खिशात. कॅफेतून निघताना कोरडे मोजे हातात चढवण्याचं सुख वेगळंच. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण क्लब मागतात. हेल्मेटखाली पुढे टोक असलेली कापडी टोपी घाला, पाऊस डोळ्यांत येत नाही.

खायला काय न्यायचं? आणि कॅफेत किती वेळ बसायचं?

थंडीत तहान लागत नाही आणि हातमोजे काढायचा कंटाळा येतो, म्हणून लोक खात-पीतच नाहीत आणि मग एकदम गळून जातात. मोजा न काढता खिशातून काढून तोंडात टाकता येईल असं न्या. इंग्रज मंडळी ओट्सचं फ्लॅपजॅक खातात. शेंगदाण्याची चिक्की थंडीत दगड होते, ती घरीच फोडून न्यावी. जानेवारीत संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या असतील तर प्रश्नच मिटला. चौकोनी घडी घालून बटर पेपरात गुंडाळल्या की खिशात मावतात, मोडल्या तरी बिघडत नाही. एकदा वाटल्यात की पुढच्या वर्षी लोक आपणहून चौकशी करतात.

कॅफेत टोस्टवर घातलेले बीन्स मागवा. शाकाहारी, गरम आणि लगेच मिळणारे. ओले मोजे रेडिएटरवर टाका, पण जागा सगळ्यांना लागते हे ध्यानात ठेवा. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. अंग निवलं की दारातून बाहेर पडल्यावरची पहिली दोन मैलं सगळ्या राइडमधली सर्वांत वाईट असतात. बिल आधी द्या, जाकीट घालून मगच दार उघडा आणि पहिला चढ हळू चढा.

रस्त्यावर बर्फ असेल तर?

ऐन वादळात बर्फ कमीच भेटतो, कारण अटलांटिकचा वारा दमट आणि त्यामानाने उबदार असतो. धोका वादळ सरल्यावरच्या सकाळी. रात्री आभाळ मोकळं होतं, ओला रस्ता गोठतो आणि वरून नुसता ओला दिसतो. मीठ टाकतात ते मुख्य रस्त्यांवर, गावाकडच्या अरुंद लेनवर नाही. पहाटे पारा ३ अंशांखाली असेल तर उशिरा निघा किंवा रद्द करा. झाडांच्या सावलीतलं वळण आणि पूल इथे हमखास घसरतं. सापडलाच बर्फावर तर ब्रेक नको, वळवणं नको, सरळ जाऊ द्या.

रस्त्यावर पाणी आलं असेल किंवा झाड पडलं असेल तर?

तळ दिसत नसेल तर पाण्यात शिरायचं नाही. खाली खड्डा असतो, कधी उचकटलेलं गटाराचं झाकण असतं. टेम्सचं पाणी पावसानंतर काही दिवसांनी चढतं. हॅम्बल्डनच्या दरीतला हॅम्बल ब्रुक तर हिवाळ्याच्या उत्तरार्धातच वाहू लागतो, कारण खडूच्या डोंगरात मुरलेलं पाणी आठवड्यांनी बाहेर येतं. वर लख्ख ऊन आणि खाली रस्त्यावर ओहोळ, असं दिसलं तर चकित होऊ नका.

बीचची मुळं या पातळ मातीत फार खोल जात नाहीत. वारा थांबल्यावरही दोन-तीन दिवस अर्धवट मोडलेल्या फांद्या वर लटकत असतात. पडलेल्या झाडाखालून सायकल काढायला जाऊ नका आणि तारा गुंतलेल्या असतील तर जवळही फिरकू नका.

कोणी गारठून गेलं तर कसं ओळखायचं?

बडबडणारा माणूस गप्प झाला की कान टवकारा. हात थरथरतात, गिअर बदलता येत नाही, खाऊचं वेष्टन फाडता येत नाही, जीभ जड होते. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं अजिबात मनावर घेऊ नका. आडोशाला न्या, ओलं काढून कोणाचंही कोरडं चढवा, फॉइलची चादर गुंडाळा, गोड खायला-प्यायला द्या आणि गाडी मागवा. थरथर थांबली पण माणूस गोंधळलेला किंवा पेंगुळलेला आहे, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. लगेच ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन. लीडरकडे फॉइलची चादर असतेच, तुमच्याकडेही असू द्या. वजन नसल्यासारखंच असतं.

दिवसा दिवे कशाला?

डिसेंबरात लंडनजवळ सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. त्यात पाऊस म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही सतत चालू. फक्त गटात मागचा दिवा लुकलुकता आणि प्रखर ठेवू नका, मागच्याचे डोळे दिपतात. तो मान सर्वांत शेवटच्या माणसाचा.

गाडीवाले हॉर्न मारतात. आपलं चुकतं का?

‘हायवे कोड’, म्हणजे इथली रस्ता-वाहतुकीची नियमावली, २९ जानेवारी २०२२ ला बदलली. दोघांनी शेजारी शेजारी चालवता येतं, गटात ते अधिक सुरक्षितही असू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. ताशी ३० मैलांपर्यंत वेग असलेल्या गाडीने ओलांडताना दीड मीटर तरी अंतर ठेवावं, हेही आहे. मात्र मागे गाडी असेल आणि सुरक्षित जागा आली तर एका ओळीत यावं. वादळात मीही गाडीवाल्याच्या बाजूने थोडा विचार करतो, त्यालाही वायपरमधून काही दिसत नसतं. हात करून आभार मानले की पुढच्या सायकलवाल्याचं भलं होतं. तिऱ्हाइताला धक्का लागला तर त्याच्या नुकसानीचा विमा सायकलिंग यूके किंवा ब्रिटिश सायकलिंगच्या सदस्यत्वात मिळतो. तो घ्याच.

मी हळू आहे. लोक वैतागतील का?

उन्हाळ्यात एखादा वैतागेल. हिवाळ्यात नाही. जायच्या आधी लीडरला सांगा, सर्वांत संथ गटात जा आणि गटाच्या मधोमध राहा. नवखे लोक लाजेने शेवटी राहतात आणि नेमके तिथेच तुटतात.

घरी आल्यावर सायकल लगेच धुवायलाच हवी का?

आधी तुम्ही आंघोळ करा. पण रस्त्यावरचं मीठ आणि खडूचा रेंदा रात्रभर तसाच राहिला तर सोमवारी चेन तांबडी झालेली असते. प्रेशरचा पाइप नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली, ब्रश, कोमट पाणी पुरे. चेन पुसून कोरडी करा आणि ओल्या हवेसाठीचं दाट तेल लावा. ब्रेकचे पॅड बघा, गारगोटीच्या चुऱ्याने ते एका ओल्या राइडमध्येही बरेच झिजू शकतात. दोन्ही टायर हळू फिरवून भेगांत रुतलेले खडे सुईने काढा. आज आत न गेलेला खडा पुढच्या रविवारी जातो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि दोन तासांनी बदला, रेडिएटरवर वाळवलेले बूट तडकतात.